प्लास्टरवरची सही

विरोधी पक्षाच्या जितेंद्रच्या पोरांनी मनवेलपाड्याच्या प्रचारात केयूरचा हात मोडला, तेव्हा केयूरच्या पक्षाचे साहेब स्वतः दवाखान्यात आले. प्लास्टरवर त्यांनी ‘याचा हिशेब होणारच’ असं लिहून झोकदार सही ठोकली. प्लास्टरचा फोटो दाखवूनच केयूरची बायको ऋतिका नगरसेविका झाली. महासभेत महापौरपदासाठी जितेंद्रचं नाव पुकारताच तेच साहेब तिच्या कानाशी लागले, “वहिनी, हात वर करा. महापौर त्यांचा, उपमहापौर आपला. भांडत बसलो तर तिसराच खुर्ची पळवेल, मग तुमच्या पाड्याची पाइपलाइन विसरा!” “भावोजींचा हात काय म्हणतोय?” समोरून जितेंद्रनं हसत विचारलं. पाड्यातले रिकामे हंडे आठवून ऋतिकानं हात वर केला. घरी केयूरनं टीव्हीवर सगळं पाहिलं होतं. “पाणी तरी येईल ना गं?” त्यानं भिंतीकडे बघत विचारलं. प्लास्टरवर त्यानं उशीचा अभ्रा चढवला होता.