रोमचे दोन दिवस

भिंतीवर ताणून लावलेल्या पांढऱ्या चादरीवर नरेंद्र आइसक्रीम खात होता. हातभर लांब तोंड, हनुवटीवर हिरवा ओघळ आणि मागे कलोसियम.

"पिस्ता!" कांचन म्हणाली. "एकट्यानं तीन खाल्ले ह्यानं!"

नरेंद्रच्या श्रूजबरीच्या घरी फॅमिली रूममध्ये जमलेली मंडळी खो खो हसली. मृणालिनीनं मात्र हातातला बटाटेवडा तसाच डिशमध्ये ठेवला.

नरेंद्र तिचा सख्खा थोरला भाऊ. स्टेट कॉलेज गावाहून दिवसभर ड्राइव्ह करून ती लाँग वीकेंडला त्याच्याकडे आली होती. खाणंपिणं चालू असतानाच कांचनवहिनीनं हौसेनं प्रोजेक्टर काढला. रोमच्या स्लाइड्स असतील, अशी मृणालिनीला कल्पनाही नव्हती.

रोम म्हणजे गेल्या वर्षीचा, त्र्याऐंशीचा उन्हाळा. अप्पा कऱ्हाडला शेवटच्या घटका मोजत होते आणि मृणालिनी त्यांच्या उशाशी होती. तिनंच ट्रंक कॉल लावून नरेंद्रला बोलावलं. त्यानं जातीबाहेर लग्न केलं म्हणून अप्पांनी वर्षानुवर्षं त्याचं नाव टाकलं होतं. पण मरताना बाप तो बापच! शुद्धीवर आले की एकच विचारायचे, "नरू आला का?"

"निघालाय अप्पा, येतोच आहे," ती सांगायची.

दाराकडे बघत बघतच ते गेले. दादासाठी एक दिवस थांबू या, म्हणून ती रडली, भांडली. आईनं ऐकलं नाही. धाकट्या अनिलनं अग्नी दिला. कांचनला मुंबईला तिच्या माहेरी सोडून नरेंद्र दुसऱ्या दिवशी पोचला. रोमला कनेक्शन चुकलं, म्हणाला. मृणालिनीनं विश्वास ठेवला. नशिबापुढे कोणाचं काय चालतं!

खट्. पुढची स्लाइड. कारंज्याकडे पाठ करून नरेंद्र खांद्यावरून नाणं फेकत होता.

"यार, तुमचं कनेक्शन मिस झालं होतं ना?" नरेंद्रच्या ऑफिसातल्या गिरीशनं विचारलं. "मग हॉटेल एअरलाइननं दिलं असेल!"

"मिस कसलं?" कांचन म्हणाली. "आधीचं बुकिंग ह्यानंच कॅन्सल केलं आणि रोमला दोन दिवसांचा स्टॉपओव्हर घेतला. म्हटलं, चला, त्या निमित्तानं रोम तरी झालं!"

खोलीत कुणीतरी खोकलं. नरेंद्र रिकाम्या डिश गोळा करून किचनमध्ये निघून गेला.

मृणालिनी उठली. चिवड्याचा तेलकट वास, पंख्याची घरघर, कांचनचं ते खिदळणं, सगळ्याचीच तिला शिसारी आली होती. माणूस इतका खालच्या थराला जातो? आणि तोही आपला दादा, ज्यानं तिला सायकल शिकवली?

नरेंद्र सिंकपाशी नळ सोडून उभा होता.

"लाज नाही वाटली तुला?" ती म्हणाली. "तिकडे बाप तुझ्या नावानं तळमळतोय आणि तू जिभल्या चाटत फिरतोयस! वर आम्हाला थापा मारल्यास. किळस येते मला तुझी, दादा. उद्या सकाळी मी निघते. पुन्हा तुझं तोंड बघायचं नाही मला."

त्यानं किचनचं दार लोटून घेतलं.

"हळू बोल. कांचनला यातलं काही माहीत नाही. तिला कळू नये म्हणून तर दोन दिवस हसत फिरलो."

"काय माहीत नाही तिला?"

"तुझा फोन आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी आईचाही आला होता. समोरच्या डॉक्टरांकडून, तुम्हाला न सांगता."

"आईचा? तिनं कशाला केला?"

"उशिरा ये, म्हणाली. अनिलच्या हातून सगळं उरकू दे, मग ये. नरूचा हात माझ्या चितेला लागता कामा नये, अशी शपथ घातली होती अप्पांनी तिला."

"खोटं! साफ खोटं बोलतोयस तू!" मृणालिनीचा आवाज चिरकला. "अरे, तुझ्यासाठी जीव अडकला होता त्यांचा. शुद्धीवर आले की नरू आला का, नरू आला का! किती वेळा सांगितलं मी त्यांना, येतोच आहे म्हणून!"

नरेंद्रनं नळ बंद केला. हात पुसले. तिच्याकडे न बघता म्हणाला,

"तेच सांगत होती आई. म्हणाली, 'मृणाल सारखी तू येतोयस म्हणून सांगते, आणि ह्यांना कापरं भरतं.'"