चौथी तक्रार

"दार उघडत नाही. लवकर या," असं टॅबलेटवर लिहून तिने तक्रार पाठवली. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं.

"अपुरी माहिती. परत. – टीमप्रमुख."

तिने उत्तर पुन्हा वाचलं, मग दाराकडे पाहिलं. दार वीतभर जाड होतं आणि उत्तराइतकंच थंड.

शीतगृहांच्या दारांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या या टीममध्ये तिला नऊ दिवस झाले होते आणि तिचं नाव अजून 'नवीन मॅडम'च होतं. शुक्रवारी दुपारी टीमप्रमुखांनी तिला चाचणीच्या शीतखोलीत पाठवलं. आत जा, दार लागू द्या, बटण दाबा, बाहेर या. फोन बाहेरच्या ट्रेमध्ये ठेवायचा, असा नियम. हातात फक्त टॅबलेट, आणि त्यात तक्रारीच्या फॉर्मशिवाय काही उघडत नव्हतं. तिने बटण दाबलं. दार ढिम्म.

टीमप्रमुखांना पाठीमागे सगळे हेडमास्तर म्हणायचे. 'चालत नाही' हे दोन शब्द त्यांना शिवीसारखे लागायचे.

"घरी नवरा 'गीझर चालत नाही' एवढंच ओरडतो ना?" पहिल्याच दिवशी त्यांनी तिला विचारलं होतं. "मग बटण दाबलंय का, हे बघायला तुम्हीच उठता. इथे कोणी उठत नाही."

भिंतीवरचा तापमानाचा आकडा सात दाखवत होता. मघाशी नऊ होता.

तिने दुसरी तक्रार लिहिली. "मी खरंच अडकले आहे हो! थंडी वाढतेय. लाथा मारून झाल्या, हाका मारून झाल्या. कोणीतरी या, पाया पडते."

"भावना नकोत. पायऱ्या लिहा. परत. – टीमप्रमुख."

तिची पाचावर धारण बसली. सासूबाई नेहमी म्हणायच्या, "तू तक्रार करत नाहीस, रडगाणं गातेस." सासूबाई हेडमास्तरांच्या नात्यातल्या असाव्यात, असं तिला आता वाटू लागलं.

तिसऱ्या वेळी तिने आकडे घालून पायऱ्या लिहिल्या. आत आले, दार लागलं, बटण दाबलं, अडकले.

"काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, वेगवेगळं लिहा. परत. – टीमप्रमुख."

आकडा तीनवर आला. तोंडातून वाफ निघत होती, बोटांची लाकडं झाली होती. ओरडून उपयोग नाही, हे घशाला कळलं होतं. आता तिला कळलं. तिने रडं गिळलं आणि ती पहिल्यांदाच नीट बघायला लागली. बटण दाबून बघितलं, एकदा, दोनदा, पाचदा. कान दाराला लावला. आणि मग तिच्या लक्षात आलं की हे प्रकरण दिसतं त्याहून वाईट आहे.

तिने लिहिलं:

"१. आत आले, दार आपोआप लागलं. २. बटण पाच वेळा दाबलं. काय व्हायला हवं: हिरवा दिवा लागून दार उघडावं. काय झालं: हिरवा दिवा दोनदा लुकलुकतो, दाराच्या आत 'टक' वाजतं, दार उघडत नाही; म्हणजे आतल्या बाजूची कडी सुटत नाही. वेळ ३.४०. तापमान पंचवीस मिनिटांत नवावरून दोनवर. सूचना: दार बाहेरून उघडेल, पण उघडणाऱ्याने ते मागे लागू देऊ नये. लागलं तर तोही आत अडकेल."

"स्वीकारली. येतो. – टीमप्रमुख."

तिला रडू कोसळलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं.

पाच मिनिटांनी दार उघडलं आणि हेडमास्तर टाळ्या वाजवत आत आले.

"दार धरा!" ती धावली.

ते हसत बाजूला झाले. दार त्यांच्या मागे अलगद लागलं.

"घाबरलात ना?" ते म्हणाले. "सगळ्या नव्यांना यातून जावं लागतं. मीच रचलंय. आता तुम्ही मेलात तरी 'चालत नाही' असं लिहिणार नाही."

"सर, माझी तक्रार वाचलीत?"

"वाचायची कशाला? उत्तरं आपोआप जातात. पहिल्या तीन परत, चौथी स्वीकारली. मग माझा फोन वाजतो, की उठा."

"फोन कुठाय?"

"बाहेर, ट्रेमध्ये. नियम सगळ्यांना सारखा."

"आणि बाकीचे?"

"दुपारीच घरी पिटाळले. मागे एकाला दया आली, त्याने दार उघडलं आणि सगळा धडा पाण्यात. आता एकदम सोमवारी उगवतील." त्यांनी फळीखाली हात घातला. "हे बघा, खरं बटण इथे आहे. दार मुद्दाम बंद ठेवलेलं असतं, म्हणून तर तो दिवा लाल..."

"हिरवा आहे, सर."

त्यांनी बटण दाबलं. हिरवा दिवा दोनदा लुकलुकला. आत टक वाजलं.

त्यांनी पुन्हा दाबलं. टक.

"आणि ही थंडी?" तिने विचारलं.

"थंडी कसली? आकडा खोटा असतो. यंत्र मी स्वतः बंद..." बोलताना त्यांच्या तोंडातून वाफ निघाली. वाफ विरेपर्यंत ते तिच्याकडे बघत राहिले.

मग त्यांनी टॅबलेट हिसकावून घेतला. "दार उघडत नाही!!! लवकर या!!!"

"पायऱ्या लिहा, सर," ती म्हणाली. तिचे दात वाजत होते.

परत. परत. परत.

चौथ्या वेळी टॅबलेटवर उमटलं, "स्वीकारली. येतो. – टीमप्रमुख."

हेडमास्तरांनी ते दोनदा वाचलं आणि मोठ्या आशेने दाराकडे पाहिलं.