हिरवं झाकण

"पुन्हा भोक," ती स्वतःशीच म्हणाली आणि तिनं चित्र थांबवलं.

भूल दिलेली उंदरीण गरम पाटावर पाय पसरून पडली होती. तिच्या भादरलेल्या पोटावर सोनोग्राफीचा प्रोब टेकलेला. पडद्यावर पोटातल्या पिल्लाचं मोहरीएवढं हृदय उडत होतं आणि त्याच्या दोन कप्प्यांमधली भिंत अर्ध्यातच संपली होती. तिनं वहीत लिहिलं: हिरवं झाकण, सातवी, भिंत अपुरी.

पिवळ्या झाकणाच्या बाटल्या लावलेल्या पिंजऱ्यांत मात्र सगळी पिल्लं ठणठणीत.

एका रंगाच्या बाटल्यांत आकडीच्या झटक्यांवरचं औषध होतं, दुसऱ्या रंगाच्या बाटल्यांत नुसतं पाणी. कोणत्या रंगात काय, हे तपासणाऱ्याला कळू द्यायचं नाही, असा नियम. उत्तर साहेबांच्या कपाटात, बंद पाकिटात होतं.

तिला एका जागी बसवेना. तेच औषध ती स्वतः रोज घेत होती आणि तिला पाचवा महिना लागला होता. पोट सगळ्यांना दिसत होतं, गोळी डॉक्टरांखेरीज कुणालाच माहीत नव्हती. गोळी सोडायची सोय नव्हती, झटका आला तर बाळाला तेच जास्त घातक. बाळाच्या हृदयाची तपासणी पुढच्या आठवड्यात होती. तोवर हिरवी झाकणं तिच्या डोळ्यांपुढून हलायला तयार नव्हती.

ती उठून पॅसेजमधल्या फिल्टरपाशी गेली. दिवसातली ही पाचवी बाटली. पाण्याला किंचित गोडसर चव होती. दिवस राहिल्यापासून तिला घरचं पाणी घशाखाली उतरत नसे, म्हणून इथल्याच दोन बाटल्या भरून ती घरी न्यायची.

"जगाला आंबटाचे डोहाळे लागतात, आमच्या सूनबाईंना ऑफिसच्या पाण्याचे," सासूबाई हसायच्या. "पी बाई, पी. पाण्यानं कुणाचं वाईट झालंय?"

फिल्टरशेजारी पिंजऱ्यांवरचे काका बाटल्या विसळत होते. भरायचं काम त्यांचं, त्यामुळे खरं काय ते त्यांना ठाऊक होतं.

"काका, हिरव्यात काय भरता हो?"

"पाणी."

"आणि पिवळ्यात?"

"पाणीच." काका मिश्कील हसले. "ताई, साहेबांनी दम दिलाय. माझ्या पोटातलं बायकोलासुद्धा काढता येत नाही."

"बोलू नका. नुसती मान हलवा."

"मान धरलीय. ते सीलबंद पाण्याचे कॅन तीन जिने चढवून बघा, म्हणजे कळेल. औषध कालवायला तेच लागतं म्हणे. थेंब सांडू देत नाही मी."

ती हिरमुसून परत फिरली.

"उंदरांसाठी इतकं झुरतं का कुणी?" संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं. "हृदयं आहेत त्यांची," ती म्हणाली आणि कूस बदलून पडून राहिली.

शुक्रवारी साहेबांनी पाकीट फोडलं. तिनं खुर्चीची कड घट्ट धरली.

"पिवळं, औषध," साहेबांनी वाचलं. "हिरवं, साधं पाणी."

त्यांनी चष्मा काढून कागद पुन्हा वाचला. "कमाल आहे. ज्यांना औषध नाही, त्यांच्यातच भोकं? हे शोधावं लागेल. पण औषधाच्या माथी काही मारता येणार नाही, एवढं नक्की."

तिला पुढचं ऐकूच आलं नाही. महिनाभर टांगलेला जीव भांड्यात पडला. पॅसेजमध्ये येऊन तिनं नवऱ्याला फोन लावला, "काही नाही रे, सगळं छान आहे," एवढंच म्हणाली आणि रडली. मग डोळे पुसून बाटली भरली आणि एका दमात निम्मी रिकामी केली.

"सुटलात ना एकदाच्या?" काकांनी विचारलं.

"सुटले. आता तरी सांगा, हिरव्यांना काय पाजलंत? साहेब चक्रावलेत."

"पाणीच की. त्यांनाही सीलबंदच द्या म्हणाले होते. मी म्हटलं, औषध कालवायचं नाही, तर तीन जिने कशाला चढवायचे?" काकांनी फिल्टरवर कौतुकानं थाप मारली. "आमच्या ताई दिवसभर पितात, ते पाणी उंदरांना का नाही चालणार?"