विंचचा दोर

ओंडके ओढणाऱ्या विंचचा पोलादी दोर सकाळी तुटला आणि चाबकासारखा उसळून मेकॅनिकच्या धाकट्या भावाचा पाय घेऊन गेला. दोराच्या तारा उसवल्यात, असं मेकॅनिक महिनाभर मुकादमाच्या कानीकपाळी ओरडत होता. दुपारी तो दवाखान्यातून परतताच मुकादमाने नवाकोरा दोर पुढे टाकला. “तपासणीवाले साहेब यायच्या आत हा बसव. जुना नदीत फेक. तुझा भाऊच बेसावध होता म्हणू.” मेकॅनिकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रक्ताळलेला दोर खांद्यावर टाकून तो फाटकाकडे निघाला. मुकादम मागे धावला, “अरे, पोटावर पाय येईल तुझ्या!” “पायाचं नाव काढू नकोस!” गाडीतून उतरलेल्या साहेबांपुढे त्याने दोर आपटला. “मुकादमाचं नाव लिहा!” साहेबांनी वही उघडली. मेकॅनिक म्हणाला, “माझंही लिहा. मी नुसता सांगत राहिलो. रोज विंच सुरू मीच करत होतो.”