ब्रेक शून्यावर

“ब्रेकची पट्टी शून्यावर आणा,” रामहरी म्हणाले.

अश्लेषानं माऊस थांबवला. “मग गाडी थांबणारच नाही, काका.”

“व्हय. तसंच पायजे.”

कळंबच्या बाजारात, एका आडतीच्या वरच्या मजल्यावर अश्लेषाचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. पुण्यातली नोकरी सोडून ती दोनच महिन्यांपूर्वी परतली होती. दोन खुर्च्या, दोन स्क्रीन, टेबलाला आवळलेली दोन स्टेअरिंगं आणि खाली पेडल. शाळा सुटली की रेसिंगसाठी पोरांची झुंबड उडायची. दुपारी मात्र रामहरी एकटेच यायचे. साठीला टेकलेले, अबोल. पहिल्या दिवशी खुर्चीत बसण्याआधी त्यांनी खाली वाकून ब्रेकचं पेडल हातानं दाबून पाहिलं होतं.

गेल्या वर्षी सूतगिरणीची बस घाटात दरीत कोसळली, हे त्यांनीच तिला सांगितलं. ब्रेक लागला नव्हता. कामाची पाळी संपवून घरी निघालेल्या पाच बाया गेल्या.

“धा वर्षं माझ्या हातची गाडी व्हती ती,” एवढंच ते म्हणाले. अश्लेषानं पुढं काही विचारलं नाही.

तिनं स्टेअरिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या नावाचं वेगळं प्रोफाइल उघडलं. कुठली पट्टी सरकवली की स्टेअरिंग जड होतं, कुठल्या पट्टीनं त्याचे वेढे वाढतात, सगळं त्यांना समजावलं. ते डोळे मिटून स्टेअरिंग फिरवत आणि म्हणत, “अजून जड. अजून.” शेवटी ते खऱ्या बसइतकं जड झालं. तसाच उतार, तशीच तीन वळणंही तिनं शोधून काढली.

रोज बस पहिली दोन वळणं घ्यायची आणि तिसऱ्यावर दरीत जायची. एकतीस वेळा गेली.

“म्हंजे कुणालाच जमलं नसतं का हे?” एकदा त्यांनी विचारलं.

“कुणालाच नाही, काका.”

त्यांना धीर वाटेल, अशी तिची समजूत होती. पण त्यांचा चेहरा पार उतरला.

त्यानंतर त्यांची तब्येत ढासळू लागली. जिना चढताना धाप लागायची. अश्लेषाला ते बघवेना. गुरुवारी ते यायच्या आधी तिनं गुपचूप दोन पट्ट्या मागं ओढल्या. स्टेअरिंग निम्म्यानं हलकं झालं, वेढे अडीचवरून एकावर आले.

त्या दुपारी बसनं तिसरं वळण घेतलं. डोंगराच्या अंगाला घासत गेली, मुरमाच्या ढिगात घुसली आणि थांबली. रामहरींनी स्टेअरिंगवर डोकं टेकलं आणि ते हमसून हमसून रडले. अश्लेषाचेही डोळे भरून आले.

“ह्याचं रेकॉर्डिंग द्या मला,” ते डोळे पुसत म्हणाले. तिनं लगेच मोबाइलवर पाठवलं.

शनिवारी ते एक कागद घेऊन आले. “सोमवारी गिरणीत चौकशी हाय. सगळं बसपरमानंच लावलं व्हतं, एवढं सही करून द्या. आन तुमी बी संगट चला.”

“काका, हे दाखवलं तर गाडी वाचवता येत होती असा अर्थ होईल. ड्रायव्हरवर ठपका येईल.”

“येऊ द्या.”

“पण ते खरं नाही. मी स्टेअरिंग हलकं केलं होतं.”

“ठावं हाय. हाताला कळतं की.” ते खिडकीबाहेर बघू लागले. “वरीस झालं, डोळ्याला डोळा न्हाय. मला ह्यातनं सुटायचंय, पोरी.”

नसलेला दोष अंगावर घ्यायला निघालेला माणूस ती पहिल्यांदाच बघत होती. तिनं परत परत समजावलं. त्यांनी हात जोडले. बापाच्या वयाच्या माणसानं हात जोडलेले तिला सोसवेना. तिनं सही केली.

सोमवारी गिरणीच्या ऑफिसात टेबलामागे तीन साहेब बसले होते. अश्लेषाचा कागद वाचून झाला. मग भिंतीवर रेकॉर्डिंग दाखवलं. मुरमाच्या ढिगात बस थांबली, तशी अश्लेषाच्या शेजारी बाकावर बसलेली बाई पुढं झुकली.

“थांबली की वो गाडी,” ती अश्लेषाला हळूच म्हणाली. “मग आमच्या मालकाला का न्हाय थांबवता आली?”

अश्लेषानं वळून दुसऱ्या बाकावरच्या रामहरींकडं पाहिलं.

मधल्या साहेबांनी चष्मा काढला. “इरम्माबाई, तुम्हीच बघितलंत. ब्रेक नसला तरी ड्रायव्हरला गाडी वाचवता येत होती. तुमचे पती गेले, त्याचं आम्हाला वाईट वाटतं, पण दोष त्यांचाच.” मग ते दुसऱ्या बाकाकडं वळले. “रामहरी, मेकॅनिक म्हणून तुमच्यावर आता काही ठपका नाही. उद्यापासून कामावर या.”