न ऐकता दिलेली पोच

तीस वर्षं चाकणच्या कारखान्यात, पत्रे ठोकणाऱ्या प्रेसशॉपमध्ये काढल्यावर मला एकच कला साधली: मान डोलावण्याची. त्या खडखडाटात साहेब शिव्या देतोय की बढती, कळायचं नाही, मी डोलवायचो. काल लेक सायली मोबाइल नेटवर्कचं काम समजावत होती. "नाना, टॉवरचा आवाज दणकट, फोनचा क्षीण. म्हणून पोच मिळेपर्यंत फोन तोच निरोप पुन्हापुन्हा पाठवतो." "तुझी आईच की! आणि टॉवरने न ऐकताच पोच दिली तर?" "फोन गप्प बसतो. निरोप हरवला तो हरवलाच." मी मान डोलावली. दोन वर्षांपूर्वी तिच्या आईने माझ्या सदऱ्याच्या खिशात काहीतरी ठेवून कसलंसं काम सांगितलं. मी पेपरमागूनच मान डोलावली. तिने पुन्हा सांगितलं नाही. तिच्या दहाव्याला तोच सदरा घातला, तेव्हा खिशात तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट वाजलं. या वेळी ऐकू आलं.