बुधवारचा विषय

सुंदराबाईंनी वहीतल्या चौथ्या विषयावर बोट ठेवलं, चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "शांतवनभाऊ, तुमच्या विषयाचं उत्तर आलं म्हना. कोनती तारीख टाकू?"

अकोल्याच्या त्या ख्रिस्ती वस्तीत दर बुधवारी संध्याकाळी एकेकाच्या घरी प्रार्थनासभा भरते. सतरंजी पडते, एक गीत होतं, मग जो तो आपापला विषय सांगतो आणि सगळे मिळून त्यासाठी प्रार्थना करतात. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन. ते विषय वहीत उतरवायचं काम निवृत्त शिक्षिका सुंदराबाईंचं. देवाने ऐकलं की त्या विषयापुढे तारीख टाकतात आणि ज्याचा विषय तो उभा राहून साक्ष देतो. तारखेच्या बाबतीत त्या देवालाही सवलत देत नाहीत. या बुधवारी पाळी शांतवनच्या घरची होती.

त्याचा विषय दोन वर्षांपूर्वीचा. बायको माया अमरावतीच्या एका क्लासवाल्यासोबत निघून गेली, त्या आठवड्यात तो एसटी वर्कशॉपच्या मळक्या कपड्यांतच सभेला आला होता. बायबल उघडून त्याने त्या संदेष्ट्याचा अध्याय वाचला होता, ज्याची बायको त्याला सोडून परक्याकडे गेली. देव चिडतो, तिच्या वाटेत काटे पेरायचं म्हणतो, तिला उजाड करून टाकायचं म्हणतो. "तिचा असाच न्याय व्हावा," शांतवन म्हणाला होता. "हाच माहा विषय." लोकांना त्याची फार कीव आली. त्यांनी मनापासून प्रार्थना केली. पुढेही दर बुधवारी केली, एकदाही चुकवली नाही.

गेल्या सोमवारी माया ऑटोतून दारात उतरली. हातात दवाखान्याची फाईल. गर्भाशयाचा कॅन्सर, सगळीकडे पसरलेला. नाताळ पाहील की नाही, हे डॉक्टर सांगत नव्हते. शांतवनने फाईल हातात घेतली आणि काही न विचारता तिला आतल्या पलंगावर निजवलं. तेव्हापासून औषध आणि पाणी यापलीकडे दोघांत बोलणं झालं नव्हतं. आत्ताही ती आतच होती. मध्ये फक्त पडदा होता. आपल्यासाठी दोन वर्षं काय मागितलं गेलं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"ती आली त्या दिवसाची टाकू, का तिकडे दवाखान्यात समजलं त्या दिवसाची?" सुंदराबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात जराही दुष्टपणा नव्हता. या माणसासाठी त्या खरोखर रडल्या होत्या.

"नका टाकू," शांतवन म्हणाला. "मले तो विषय मांगं घ्यायचा हाये."

सतरंजीवर चुळबूळ झाली. विषय मागे घेतल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"मांगं कसा घेता येईन, भाऊ? आपन मांगतलं, त्यानं देल्लं."

चर्चचे पाळकसाहेब प्रीतम पुण्याला शिकून आलेले, वयाने तरुण. ते घाईघाईने म्हणाले, "सुंदराबाई, आजार हा आजार असतो. देव असा सूड घेत नाही."

"मंग दोन वर्सं आपन काय करून राहिलो होतो, पाळकसाहेब?"

यातल्या कितीतरी बुधवारी प्रार्थना पाळकसाहेबांनीच चालवली होती. ते शांतवनकडे वळून म्हणाले, "त्याच संदेष्ट्याला देव पुढे काय सांगतो, ते वाचलंत तुम्ही?"

"वाचलं. बायकोले घरी घेऊन ये म्हनते. ती आली त्या रात्री वाचलं." शांतवनने तोंडावरून हात फिरवला. "त्याच्या आंधी कंदी तितलोक गेलोच नाई मी. तेवढंच वाचून राहिलो होतो, काट्याचं. अन् मले बरं वाटे ते वाचून. झोप लागे, सुंदराबाई."

सुंदराबाईंनी वही मिटून मांडीवर ठेवली. त्यांचा चेहरा एकाएकी म्हातारा दिसू लागला. आत त्या बाईने सगळं ऐकलं असणार, हे त्यांच्या आता लक्षात आलं होतं.

"मंग आज तुमीच करा प्रार्थना," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "तुमीच मांगतलं होतं, तुमीच सांगा त्याले. आमी हावो संगं."

सगळ्यांनी डोळे मिटले. शांतवन उठून उभा राहिला.

"देवबापा," तो म्हणाला, आणि तिथेच घोडं अडलं. दोन वर्षांची सवय. तोंड उघडलं की तीच जुनी वाक्यं जिभेवर येत होती. त्याने ती गिळली. बरं कर म्हणावं, तर फाईल त्याने शेवटच्या कागदापर्यंत वाचली होती. क्षमा कर म्हणावं, तर कुणाला, तिला की आपल्याला? दहा-बारा माणसं डोळे मिटून त्याच्यासाठी थांबली होती आणि त्याला एक धड शब्द सापडत नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली.

"देवबापा," तो पुन्हा म्हणाला. "तिले..."

पुढे काही येईना.

मग पडद्याआडून मायाचा आवाज आला. थकलेला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"आमेन," ती म्हणाली.